पाय धुणारा गुरू

आज पवित्र गुरुवार, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. आमच्या नंदुरबारच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे प्रार्थनाविधीत, फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यात मिरचीच्या पथारीवर दिवसभर राबणाऱ्या एक मावशीही होत्या. टाचांना खोल भेगा. फादर गुडघ्यांवर बसले तसे मावशींनी पाय मागेच ओढले. आपल्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात. मोठा माणूस आपल्या पायाशी बसला की जीव कसानुसा होतो.

येशूचा शिष्य पेत्रही असाच अडला होता. योहानाच्या शुभवर्तमानात, 13 व्या अध्यायात, तो येशूला पाय धुऊच देत नव्हता. पाहुण्यांचे धुळीने भरलेले पाय धुणं हे त्या काळी नोकरांचं, गुलामांचं काम. गुरूने कमरेला रुमाल बांधून ते केलं. आणि बारा शिष्यांतला यहूदा तेव्हा अजून तिथेच होता! तो दगा देणार हे ठाऊक असूनही त्याला वगळलं नाही. मला सगळ्यात जड हेच जातं.

या विधीत स्त्रियांना घ्यायची अधिकृत मुभा रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, 2016 मध्ये दिली. पोप फ्रान्सिस यांनी मात्र 2013 मध्येच रोमच्या बालसुधार तुरुंगात मुलींचे, मुस्लिमांचेही पाय धुतले होते. मुभेला फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं. मावशींचे पाय त्याआधीही तेवढेच थकलेले होते.

उद्या गुड फ्रायडे. दुपारची उपासना सगळ्यांसाठी खुली आहे, जरूर या.