झोटेरो माझ्या ब्राउझरवर का नाही?

झोटेरो म्हणजे संशोधनाचे संदर्भ गोळा करून सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याबद्दलचा प्रश्न बहुधा असा येतो: “मी व्हिवाल्डी वापरतो. झोटेरोच्या डाउनलोडच्या पानावर क्रोम आहे, फायरफॉक्स आहे, एज आहे, सफारीही आहे. माझंच नाव नाही. आता प्रबंधाच्या संदर्भांसाठी ब्राउझर बदलू का? आणि सपोर्ट द्यायला त्यांचं काय जातंय?” व्हिवाल्डीच्या जागी कधी ऑपेरा असतो, कधी ब्रेव्ह, कधी लिब्रवुल्फ, क्वचित पेल मून.

ब्राउझर बदलू नका, निदान लगेच तरी नको. त्याच्या नावावर जाऊ नका, आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, कोणतं ते बघा. आज रोजच्या वापरातले जवळजवळ सगळे ब्राउझर तीन इंजिनांवर चालतात: क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून २०१३ मध्ये क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या खुल्या पायाचा, आधार घेतला. एजने जानेवारी २०२० मध्ये तेच केलं. व्हिवाल्डी आणि ब्रेव्ह पहिल्यापासून त्याच घरातले. लिब्रवुल्फ आणि वॉटरफॉक्स ही फायरफॉक्सची भावंडं. झोटेरो कनेक्टर हे ब्राउझरला जोडायचं, पानावरचा संदर्भ पकडणारं एक्स्टेंशन इंजिनाशी बोलतं, वरच्या पाटीशी नाही. म्हणून डाउनलोडच्या पानावर नाव नसलं तरी बहुतेकांचं काम होतं.

व्हिवाल्डी किंवा ब्रेव्ह असेल तर थेट क्रोम वेब स्टोअरमध्ये जा, ‘झोटेरो कनेक्टर’ शोधा, जोडा. ऑपेरातही तिथूनच घ्या. जुन्या आवृत्तीत जोडण्याचं बटण दिसलं नाही, तर ऑपेराच्या स्वतःच्या ॲड-ऑन दुकानातून क्रोमची एक्स्टेंशनं बसवणारं मदतनीस एक्स्टेंशन आधी घ्यावं लागतं. ऑपेराची आणखी एक खोड आहे. शोधयंत्रांच्या निकालांच्या पानांवर तो एक्स्टेंशनांना मुळात शिरू देत नाही. एक्स्टेंशनांच्या यादीत कनेक्टरच्या तपशिलात जाऊन शोधनिकालांच्या पानांची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर लेखाच्या पानावर बटण नीट चालतं आणि निकालांच्या पानावर मुकं होतं, आणि माणूस दोष झोटेरोला देतो.

लिब्रवुल्फ, वॉटरफॉक्सवाल्यांनी कनेक्टरची फायरफॉक्स आवृत्ती घ्यावी. सफारीचं एक्स्टेंशन वेगळं डाउनलोड होतच नाही, ते मॅकवरच्या झोटेरो ॲपच्या पोटात येतं. ॲप ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये ओढा, एकदा उघडा, मग सफारीच्या सेटिंगमध्ये एक्स्टेंशन्सखाली त्याच्यापुढे खूण करा आणि सगळ्या संकेतस्थळांवर कायमची परवानगी द्या. डाउनलोड झालेल्या डिस्क-प्रतिमेतूनच (डीएमजी फाइल), ॲप बाहेर न ओढता, चालवणारे पुष्कळ जण असतात. सफारीच्या यादीत एक्स्टेंशन दिसत नसेल, तर आधी तेच तपासा.

पेल मूनला मात्र खरोखरच इलाज नाही. त्याने फायरफॉक्सपासून वेगळं होऊन गोआना नावाचं आपलं इंजिन राखलं आणि आजच्या पद्धतीची एक्स्टेंशनं तो चालवत नाही. तिथे एक्स्टेंशनशिवायची वाट धरायची. ती पुढे सांगितली आहे.

एक्स्टेंशन बसलं, बटण दिसलं, पण दाबल्यावर ‘झोटेरो उघडा आहे का?’ अशी विचारणा येते, हा दुसरा टप्पा. कनेक्टर संदर्भ पकडतो आणि तुमच्याच संगणकावर चालू असलेल्या झोटेरोकडे पोर्ट २३११९ वरून, म्हणजे त्या क्रमांकाच्या आतल्या दारातून, देतो. म्हणजे डेस्कटॉपवरचं झोटेरो उघडं हवं. ते असूनही विचारणा येत असेल, तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १२७.०.०.१, मग अपूर्णविराम (दोन टिंबं), मग २३११९, पुढे तिरकी रेघ देऊन रोमन अक्षरांत कनेक्टर, पुन्हा तिरकी रेघ आणि पिंग असं टाका. आकडेही इंग्रजीच हवेत. झोटेरो चालू असल्याची एक ओळ दिसली, तर दार उघडं आहे आणि गडबड एक्स्टेंशनच्या बाजूला आहे. काहीच आलं नाही, तर अँटिव्हायरस, फायरवॉल किंवा नेटवर्कची प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये बसणारा संगणक) यांची सेटिंग आडवी आली आहे. प्रॉक्सीमध्ये ‘स्थानिक पत्ते वगळा’ ही खूण नसली की संगणक स्वतःशीच बोलायला बाहेर जातो आणि हरवतो.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याचा आणखी एक प्रकार दिसतो. एकाच संगणकावर आधीचा विद्यार्थी लॉग-आउट न करता नुसता ‘युजर बदला’ करून उठून गेलेला असतो, आणि त्याचं झोटेरो मागे चालूच असतं. पोर्ट एकच, तो त्याने धरून ठेवलेला. नवीन माणसाचा कनेक्टर मग नीट चालत नाही. अशा वेळी ब्राउझर बदलून काही होत नाही. आधीच्या खात्यातून पूर्ण बाहेर पडा किंवा संगणक रीस्टार्ट करा.

तिसरी तक्रार अशी: “बटण चालतं, पण लेखाऐवजी नुसतं वेबपान जमा होतं.” इथे बहुतेक वेळा ब्राउझरचा काही संबंधच नसतो. पुष्कळ प्रकाशकांच्या, ग्रंथालयांच्या संकेतस्थळांसाठी झोटेरोकडे ‘ट्रान्सलेटर’ नावाचे जावास्क्रिप्टचे छोटे तुकडे आहेत, असे शेकडो. पान ओळखणं आणि त्यातून लेखक, वर्ष, खंड उचलणं हे त्यांचं काम, आणि सगळ्या ब्राउझरना तेच तुकडे मिळतात. प्रकाशकाने पानाची मांडणी बदलली की तुकडा मोडतो, तो क्रोममध्येही मोडतो. म्हणून दोष ठरवण्याआधी तेच पान कोऱ्या क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये उघडून बटण दाबा. तिथेही बिघडलं तर प्रश्न संकेतस्थळाचा. तिथे चाललं आणि तुमच्याकडे नाही, तरच ब्राउझरचा. ही एवढी चाचणी न करता लोक आठवडे घालवतात!

भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार असलेल्या शोधगंगेचंच बघा. ती डीस्पेस या प्रणालीवर चालते आणि प्रबंधाची माहिती त्याच्या मुख्य पानात दडलेल्या टॅगांमध्ये असते. प्रबंध मात्र प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफ फायलींमध्ये तोडलेला. पीडीएफचा टॅब उघडून बटण दाबलं, तर नुसती फाइल येते आणि संशोधकाचं, विद्यापीठाचं नाव हाती लागत नाही. मुख्य पानावर दाबा, फायली नंतर त्या नोंदीवर ओढून टाका.

आता एक्स्टेंशनशिवायची वाट. ती सगळ्यांनीच शिकून ठेवावी, कारण कोणत्याही ब्राउझरमध्ये, अगदी पेल मूनमध्येही, ती चालते. झोटेरोच्या वरच्या पट्टीत जादूच्या कांडीचं चिन्ह आहे. त्यात डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक), पबमेड या वैद्यकीय सूचीचा क्रमांक किंवा आर्काइव्ह (arXiv) या लेखभांडाराचा क्रमांक टाकून एंटर दाबा, नोंद तयार. एकाहून जास्त असतील तर सगळे एकदम चिकटवले तरी चालतं. ज्या पानावर ‘संदर्भ निर्यात’ असं काही असेल तिथून आरआयएस किंवा बिबटेक्स (संदर्भांचे ठरलेले फाइल-प्रकार) फाइल उतरवा आणि फाइल मेनूतून आयात करा. पीडीएफ थेट झोटेरोत ओढली तर तो पहिल्या पानांवरचा मजकूर वाचून डीओआय वगैरे शोधतो. पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसतं चित्र. जुन्या मराठी नियतकालिकांच्या बाबतीत इथेच घोडं पेंड खातं, आणि हाताने नोंद करण्याला पर्याय राहत नाही. आयएसबीएनचं आंतरराष्ट्रीय मानक १९७० चं, त्यामुळे त्याआधीच्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांक असणारच नाही. नंतरच्या पुस्तकांवर असला तरी परदेशी ग्रंथालयांच्या तालिकेतून येणारं शीर्षक बरेचदा रोमन लिपीत, डोक्यावर रेघा घेऊन येतं. ते देवनागरीत दुरुस्त करा आणि भाषेचा रकानाही भरा.

राहिलं ‘त्यांचं काय जातंय?’ झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून आला, तो फायरफॉक्सच्या आत राहणारं एक्स्टेंशन म्हणूनच. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं बंद केली. त्याआधी काही महिने आलेल्या झोटेरो ५.० ने ब्राउझरमधलं बिऱ्हाड सोडून स्वतंत्र ॲपचा मार्ग धरला. एकाच ब्राउझरवर भार टाकला की काय होतं, हे त्यांनी सोसलेलं आहे. आजही कनेक्टरचा कोड एक असला तरी ब्राउझरनुसार आवृत्त्या वेगळ्या बांधाव्या लागतात. क्रोमच्या नव्या नियमांत एक्स्टेंशनचा मागचा भाग ३० सेकंद रिकामा बसला की बंद केला जातो, फायरफॉक्स तोच भाग वेगळ्या पद्धतीने चालवतो, सफारीला तो मॅकच्या ॲपमध्ये गुंडाळून द्यावा लागतो. अधिकृत यादीत एक नाव वाढवायचं म्हणजे त्या ब्राउझरच्या प्रत्येक अपडेटनंतर सगळं पुन्हा तपासायचं. खर्च असतो तो याचा. पहिल्यांदा चालवून दाखवणं त्यामानाने स्वस्त.

गंमत म्हणजे छोट्या ब्राउझरचे वापरकर्ते मोजताही येत नाहीत. संकेतस्थळं अडवतात म्हणून व्हिवाल्डीने डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ठिकाणी स्वतःची ओळख क्रोम म्हणूनच द्यायला सुरुवात केली. एक्स्टेंशनही तुम्ही क्रोमच्याच दुकानातून घेता. मग ‘आम्ही खूप जण आहोत’ हे कोणाला दिसणार? म्हणून नुसतं ‘सपोर्ट द्या’ असं लिहिण्यात अर्थ नाही. ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, ज्या पानावर अडलं त्याचा पत्ता आणि तेच पान क्रोममध्ये चाललं की नाही, एवढं लिहा.

सोबत लॉग, म्हणजे एक्स्टेंशनने काय-काय केलं याची आपोआप होणारी नोंद, द्या. बटणावर राइट-क्लिक करून कनेक्टरच्या पसंतींमध्ये ‘प्रगत’ भागात जा, डीबग लॉगिंग सुरू करा, जे बिघडतं ते एकदाच करा आणि लगेच लॉग पाठवा. उत्तरादाखल एक क्रमांक मिळतो, तोच तक्रारीत लिहायचा. लॉगिंग सुरू करण्याआधी बँकेचे, मेलचे टॅब बंद करा, कारण उघड्या पानांचे पत्ते त्या लॉगमध्ये जाऊ शकतात.