ओल्या जंगलात लायकेन गोळा करायला जाऊ नका

लायकेन म्हणजे दगडफुलासारखे, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेले, झाडांच्या सालीवर वाढणारे जीव. ते गोळा करायला आम्ही जंगलात निघालो तेव्हा "पाऊस पडून गेला की लगेच जा, लायकेन मस्त फुललेले असतात" असा सल्ला आम्हाला मिळाला होता. फोटोपुरता ठीक आहे, पण नमुने आणून ओळखायचे असतील तर साफ चुकीचा. लायकेन भिजलं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं शैवाल दिसायला लागतं, मग राखाडी फिसिया काय आणि पार्मेलिया काय (दोन्ही लायकेनचेच प्रकार), सगळं एकसारखं हिरवं. ओळखायच्या पुस्तकात जे रंग दिलेले असतात ते वाळलेल्या लायकेनचे. त्यामुळे निदान एक-दोन कोरडे दिवस जाऊ द्या, मगच निघा.

आता आमच्या वाटेवरचा तो उतार. ओढा ओलांडल्यावर जुन्या बीचच्या झाडांमधून डोंगराच्या धारेपर्यंत चढायचं, आणि हे आम्हाला "सोपी वाट" म्हणून सांगितलं होतं! पोटरीपर्यंत ओला पाला, त्याखाली कुजलेले ओंडके, पाय कुठे जाईल सांगता येत नाही, निम्मा दिवस तिथेच गेला. बरं, बीचच्या गुळगुळीत सालीवर मिळतं काय, तर ग्राफिस, म्हणजे पांढुरक्या सालीवर काळ्या रेघोट्या, आणि असलेच सालीला घट्ट चिकटलेले पापुद्रे. ते काढायला पटाशीने सालीचा पातळ काप घ्यावा लागतो, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता, म्हणजे दोन्ही हात हवेत आणि पाय पक्के हवेत. त्या उतारावर अशक्य.

धारेवर मात्र वादळात पडलेल्या ओकच्या फांद्या होत्या आणि खरा खजिना त्यांच्यावरच. शेंड्याकडे ऊन भरपूर मिळतं त्यामुळे एव्हर्निया, रॅमालिना, उस्निया ही तिन्ही लायकेन एकाच फांदीवर, कमरेइतक्या उंचीवर, झाडाला हात न लावता. उस्नियाचा धागा हळू ओढून बघा, बाहेरचं साल तुटतं आणि आत पांढरी लवचिक दोरी दिसते, ती नसेल तर ते उस्निया नाही.

पार्मेलिया सल्काटा आणि पंक्टेलिया यात सगळे गोंधळतात. १०एक्स भिंगातून बघा, सल्काटावर पांढऱ्या रेषांचं जाळं असतं, पंक्टेलियावर सुटे पांढरे ठिपके. तरी शंका असेल तर ब्लेडने वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, सल्काटा आधी पिवळा मग विटकरी लाल होतो. पंक्टेलियाचा आतला भाग तसाच राहतो, पण नेहमी दिसणाऱ्या जातींवर ब्लीच टाकलं की लाल होतो. ब्लीच ताजंच हवं, जुन्या बाटलीतलं काही रंग देत नाही आणि आपण उगाच निगेटिव्ह लिहून मोकळे होतो. दोन्ही रसायनं डोळ्यांपासून लांब ठेवा.

बाकीचे दिवस सपाट वाटेवर छान गेले, सांगण्यासारखं काही नाही, एक सोडून. एका म्हाताऱ्या मेपलच्या बुंध्यावर लोबेरिया पल्मोनेरिया! तळहाताएवढी पानं, वर उंचवट्यांची जाळी, फुफ्फुसासारखी. हे जुन्या, फारशी तोड न झालेल्या जंगलात राहणारं लायकेन, हवा खराब झाली की लवकर नाहीसं होतं. ते दिसल्यावर मला वाटलं, यासाठी तो घाणेरडा उतारसुद्धा परत चढेन. फोटो काढा, तोडू नका, बऱ्याच देशांत ते संरक्षित आहे. एरवीही गोळा करायची परवानगी आधीच काढून ठेवा आणि मोठा भाग दिसला तरी बोटाच्या पेराएवढाच तुकडा घ्या.

नमुना कागदी पाकिटातच ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. पाकिटावर झाडाची जात, जमिनीपासूनची उंची आणि फांदी उभ्या झाडाची की पडलेली हे तिथल्या तिथे पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलाव्याने पसरते. त्याच रात्री पाकिटं उघडून वाळवा, आणि संग्रहात ठेवण्याआधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर आतले किडे बाकीचे नमुनेही खातात.