‘पेव’ची नोंद : अकरा प्रकरणं झाली, पाणी उणे अडतीसवर

मंडळी, माझ्या ‘पेव’ कादंबरीच्या मागच्या नोंदीला सव्वा महिना झाला. आज अकरा प्रकरणं हातात आहेत, साधारण ३४,००० शब्द. त्यातली चार मी पुन्हा पहिल्यापासून लिहिली, कारण कादंबरीला तिचं घड्याळ सापडलं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. भीमाकाठचं एक गाव उजनी धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून १९७८च्या उन्हाळ्यात माणसं वासे-तुळया उतरवून, बैलगाड्या भरून वरच्या माळावर चालली आहेत. त्या गडबडीत एक माणूस नाहीसा होतो. काय झालं ते दोघांनाच ठाऊक आहे, नऊ वर्षांच्या ताईला आणि सहा वर्षांच्या बाळ्याला. मग गावावर पाणी चढतं. २०२४च्या दुष्काळात ते उतरायला लागतं, तेव्हा ताई पंचावन्न वर्षांची आहे.

आधीच्या खर्ड्यात गावोगाव चौकशा करत फिरणारा एक पत्रकार होता. तो काढला, त्याच्यासोबत ९,००० शब्द गेले. आता शोध कुणी घेतच नाही, पाणी खाली जातं एवढंच. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून उपयुक्त पाणी संपलं की धरण ‘मायनसमध्ये’ जातं आणि तिथून पुढे आकडा उलटा वाढत राहतो. २०२४मध्ये जानेवारीतच ते मायनसमध्ये गेलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचलं. आता प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तेवढा आकडा येतो. ताई सकाळी पेपरात आधी तोच बघते. नवऱ्याला वाटतं, हिला उसाची काळजी. सहाव्या प्रकरणापर्यंत वाचकालाही तसंच वाटावं, अशी माझी धडपड आहे.

त्या उन्हाळ्यात मी पळसदेवला गेले होते. धरणातलं जुनं मंदिर पाण्याबाहेर आलं होतं. दगडाच्या खाचांत वाळलेला गाळ होता, बोटाने खरवडला की पापुद्रा निघायचा आणि आतून बारके शिंपले. लोक लेकरांना घेऊन बघायला आले होते. माझं लक्ष मात्र पलीकडच्या शेतकऱ्यांवर गेलं. पाणी मागे हटेल तसे ते पाइप वाढवत होते, चर खोदत होते, मोटार पुढे सरकवत होते. माझ्या कादंबरीतली हाडं अशाच एका चरात सापडतात. पोलीस नाहीत, कुत्रं नाही, मोटारीसाठी चर खोदणारा ताईचा स्वतःचा पुतण्या.

आता पेवाबद्दल. सोलापूरकडे ज्वारी जमिनीखाली पेवात साठवायचे. तोंड अरुंद, आत मोठा पोकळ घडा. बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून माणूस उतरण्याआधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायची रीत. कंदील विझला तर उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून थांबायचं. माझ्या गोष्टीत ती दोरी ताईच्या हातात आहे. वर उभा असलेला माणूस विचारतो, ‘जळतोय का गं?’ ताईला खाली अंधार दिसतोय. ती म्हणते, ‘जळतोय.’

ती असं का म्हणाली, हे इथे सांगत नाही. कच्चा खर्डा वाचायला मिळेल तेव्हा कळेल.

कायद्याचा भाग एका वकील मैत्रिणीकडून तपासून घेतला आणि नववं प्रकरण पालटलं. खुनाच्या गुन्ह्याला मुदत लागत नाही, सेहेचाळीस वर्षांनीही नाही. पण घटना १९७८ची, म्हणजे तेव्हाची दंडसंहिता. कलम ८२ प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं काहीच गुन्हा ठरत नाही, आणि कलम ८३ प्रमाणे सात ते बारा वयात मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज होती का, हे पाहतात. बाळ्या सुटलेलाच होता. ताईचं सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं : नऊ वर्षांच्या मुलीला विझलेल्या कंदिलाचा अर्थ माहीत होता का? आणि तिला तो माहीत होता. आजोबांनीच शिकवला होता.

वादळात नाव उलटण्याचा प्रसंग मी काढून टाकला. २१ मे २०२४ला कळाशी-कुगाव मार्गावर खरोखर नाव बुडाली, सहा माणसं गेली. त्याच पाण्यावर, त्याच महिन्यात, मी वाचकाला थरार द्यायला नाव उलटवणं मला पटेना.

अडलंय ते बाराव्यात. बाळ्याला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की कंदील शेवटपर्यंत जळत होता. तो खोटं बोलत नाही. ताईने त्याला ते इतक्या वेळा सांगितलंय की त्याला आता ज्योत दिसते, तिच्यावर फिरणारा किडासुद्धा दिसतो. ताईने त्याला खरं सांगायचं की नाही, यावर मी तीन रात्री दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलंय. सध्या दोन्ही मसुदे ठेवलेत.

एक मदत हवी आहे. तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा पेवात उतरलेले असतील, तर पहिल्यांदा तोंड उघडल्यावर वास कसा यायचा ते विचारून कळवा. आंबट, उबट, की दोन्ही? माझ्या आजीने फक्त ‘डोक्यात जायचा’ एवढंच सांगितलं होतं.