वर्षाची चटणी आणि वर्षाच्या कराराची नायिका

२००७ च्या उन्हाळ्यात यजमानांनी चार माग विकले आणि त्या पैशात मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. इचलकरंजीत माग विकणं म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखंच. शेड आमचीच राहिली, फक्त आवाज बदलला; खटखट जाऊन धपधप आली. फेब्रुवारी ते मे बायका वर्षाची चटणी करायला यायच्या. मिरची ज्याची त्याची, खोबरं-तीळ-धणे घरून भाजून आणलेले, लसूण वेगळ्या डब्यात. आम्ही कांडून द्यायचं आणि किलोमागे मजुरी घ्यायची. पावसाळा लागला की यंत्र गप्प आणि आम्हीही.

चटणी विकायचं डोक्यात आलं ते पुण्याच्या नणंदेमुळे. तिच्या सोसायटीतल्या बायकांनी तिचा डबा संपवला आणि वर आणखी मागितली. रंगाला ब्याडगी मिरची, झणक्याला लवंगी, चवीला संकेश्वरी, हे प्रमाण सासूबाईंचं. संकेश्वरी महाग पडते म्हणून एकदा मी तिचं माप कमी केलं. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "तिखट हाय, पर बोलत न्हाई." तेव्हापासून गडहिंग्लजच्या बाजारातल्या खरेदीत मी काटकसर करत नाही.

२०१३ पर्यंत आमचे दोनशे ग्रॅमचे पाऊच कोल्हापूर, सांगली, मिरजेपर्यंत गेले आणि तिथेच अडकले. डिस्ट्रिब्युटर म्हणायचे, "वहिनी, माल चांगला हाय, पण नाव कुणाला ठावं न्हाई. एखादा चेहरा घ्या." प्रत्येक वेळी कॅडबरीचं उदाहरण द्यायचे. २००३ मध्ये महाराष्ट्रात चॉकलेटात अळ्या सापडल्याचा गवगवा झाला, पुढच्या वर्षी अमिताभ बच्चन जाहिरातीत आले आणि लोक परत चॉकलेट खायला लागले. त्या कंपनीने त्याच वेळी वेष्टनही बदललं होतं, हे ते सांगत नसत. अळ्या निघतच राहिल्या असत्या तर अमिताभने काय केलं असतं?

पण आम्हीही माणसंच. एका एजंटामार्फत मालिकेतली एक नायिका ठरली. दीड लाखाची सुपारी. त्यात एक दिवस फोटो काढणं, आमच्या नव्या दुकानाची फीत कापणं आणि वर्षभर पाऊचवर, फ्लेक्सवर तिचा चेहरा. हिशेब मी रात्री वहीत मांडला होता. पाऊचमागे आम्हाला आठ रुपये सुटायचे, म्हणजे नुसती सुपारी वसूल व्हायला १८,७५० पाऊच जास्तीचे खपायला हवेत. आकडा बघून मी वही मिटली आणि सकाळी होकार कळवला.

उद्घाटनाला रस्ता अडला. काउंटरवर तीनशे पाऊच मांडले होते, त्यातले एकेचाळीस गेले. बाकी सगळे सेल्फीत गुंतलेले. एका आजीने तर नायिकेचा हात धरून, "तुजी सासू लई वंगाळ हाय गं, सोडून दे त्या घराला," असा सल्ला दिला. आमच्या चटणीला आजीचा हात लागला नाही. नायिका पोरगी गुणाची. कॅमेऱ्यासमोर भाकरीवर चटणी घेऊन खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत राहिली. मग आत येऊन दोन तांबे पाणी प्यायली.

गावात या सगळ्याचा खपावर काडीचा फरक पडला नाही. इथल्या बायका पाऊच नाकाशी धरून पारखतात. चेहरा कुणाचाही असो, लसूण जळका लागला की परत ठेवतात. फरक पडला तो दुकानदारांवर, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. जो पाऊच काडेपेट्यांच्या मागे पडलेला असायचा, तो आता गल्ल्यासमोर लटकायला लागला. 'दहावर एक फुकट' अशी स्कीम न देता माल उचलला गेला. पुण्यात एका डिस्ट्रिब्युटरने पहिल्यांदा उधारी न ठेवता ऑर्डर दिली. "जाहिरात करणारी पार्टी आहे," एवढंच त्याला कळलं होतं, आणि त्याला तेवढं पुरलं.

पुण्यातल्या गिऱ्हाइकाने चेहरा बघून पहिला पाऊच घेतला हे खरं. तिथे आम्हाला ओळखतं कोण? पण दुसरा पाऊच कुणी चेहऱ्यावर घेतला नाही. ज्यांना तिखट झेपलं ते आजही घेतात. वर्षअखेर वहीत जास्तीचे अकरा हजार पाऊच दिसले. म्हणजे तोटा. यजमान त्याला आजही जाहिरातीचा खर्च म्हणतात, मी नाही म्हणत.

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. त्यांनी जन्मभर लाइफबॉय वापरला, पण लग्नाच्या आधी महिनाभर लक्स आणला होता. नट्यांचा साबण म्हणून. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री, आणि जन्म आमच्या शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाडचा. साबण साबणासारखाच असतो, वापरून फारसा फरक कळत नाही, तिथे चेहरा चालतो. चटणीचा निकाल पहिल्याच घासाला लागतो.

२०२१ च्या दिवाळीत कॅडबरीनेच शाहरुख खानची अशी जाहिरात काढली की छोट्या दुकानदाराने आपल्या दुकानाचं नाव भरायचं आणि संगणकाने घडवलेला शाहरुख ते नाव घेणार. आमच्या समोरच्या चपलांच्या दुकानदाराने ती करून घेतली. फुकटात शाहरुख! आठवडाभर व्हॉट्सअॅपवर फिरली. त्याला विचारलं, विक्री वाढली का? म्हणाला, "लोकं येत्यात, हसत्यात, मग उगाच पायाचं माप द्यावंच लागतंय की." त्याच्या चार जोड्या गेल्या असतील, पण तो दिवाळीभर खूश होता.

नंतर एक पोरगा आला. मोबाइलवर लाखभर लोक एका बाईंचे व्हिडिओ बघतात, त्यांच्याकडून बोलून घेऊ म्हणाला. बोलायचं काय, तर 'ही चटणी खाल्ली की अॅसिडिटी होत नाही.' मी विचारलं, त्या बाईंनी खाल्ली आहे का? "ते लागत नाही." लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो बोलणाऱ्यालाही होऊ शकतो. वर त्याला वर्षापर्यंत जाहिरातबंदी. २०२२ च्या नियमांप्रमाणे शिफारस करणाऱ्याला त्या मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. पोराला चहा पाजून पाठवलं.

मग घरचाच चेहरा घ्यायचं ठरलं. एमडीएच मसाल्याचे मालक धरमपाल गुलाटी नव्वदी ओलांडली तरी स्वतः पाकिटावर होते. मी सासूबाईंना फोटोसाठी नऊवारी नेसायला सांगितली. त्या म्हणाल्या, "पिशवी रिकामी झाली की उकिरड्यावर पडणार. माजं तोंड तितं नको." त्यावर उत्तर नव्हतं. आता पाऊचवर आमच्या यंत्राचं चित्र आहे.

नायिकेचा करार संपला तेव्हा तिच्या चेहऱ्याचा छापील रोल अर्धा शिल्लक होता. वापरायची परवानगी नाही आणि टाकवतही नाही. पावसाळ्यात शेड जिथे गळते, तिथे यजमान तो मिरचीच्या पोत्यांवर अंथरतात. परवा संकेश्वरीच्या पोत्यांवर दहा-बारा नायिका ओळीने हसत होत्या. सासूबाईंनी त्यातली एक उचकटून खालची मिरची कोरडी आहे का, ते हात घालून बघितलं.