मजला खाली, यंत्रं छतावर

ठाण्यात घोडबंदर रोडला ट्राम हवी म्हणणाऱ्यांनी आधी तिचा मजला बघावा. युरोपात तो रुळापासून साधारण 300 ते 350 मिमीवर असतो. व्हिएन्नाच्या ‘उल्फ’ ट्रामला दाराशी 197 मिमी, म्हणजे वीतभरही नाही. इतका खाली आणला की यंत्रांना जागा कुठली? मग मोटारींना वीज पुरवणारा इन्व्हर्टर, एसी, सगळं छतावर चढतं.

पाच डब्यांच्या ट्रामला नीट बघा: चाकं तिघांनाच. मधले दोन शेजाऱ्यांच्या आधारावर लटकलेले. लांबी वाढवायची तर आणखी दोन डबे जोडायचे. सुमारे 32 मीटरची सिटाडिस ट्राम अशी 43 मीटरच्या आसपास जाते.

दुखणं डब्यांच्या सांध्यात. सीमेन्सच्या कॉम्बिनो ट्राममध्ये सांगाड्याला बसणारा पीळ हिशेबात कमी धरला गेला. अ‍ॅल्युमिनियमला तडे गेले आणि मार्च 2004 मध्ये 1,20,000 किमीच्या वर धावलेल्या गाड्या थांबवाव्या लागल्या.

शिवाय अशा ट्राममध्ये बोगी, म्हणजे चाकांची चौकट, डब्याखाली जवळजवळ घट्ट बसवलेली. तीव्र वळणावर चाकांसोबत अख्खा डबा वळतो, चाकाची कड रुळाला घासते, कर्कश आवाज येतो, दोन्ही झिजतात. प्रागच्या श्कोडा 15टी मध्ये बोग्या फिरतात; शेजारचे दोन डबे सांध्याखालच्या एकाच बोगीवर टेकतात. माझं मत याच रचनेला.

मोटारी मात्र कुठल्याही रचनेत चाकांपाशीच. जुलैत गुडघाभर पाणी साचलं, की छतावरचा इन्व्हर्टर कोरडा राहील, पण गाडी उभीच.