वडगाव ते उद्यमबाग : सायकलला कामाची गाडी करताना

मुलगी कॉलेजला जायला लागली आणि घरातली स्कूटी तिच्याकडे गेली. माझी पहिली शिफ्ट सातची. त्या वेळेला बस मिळाली तर मिळाली. राहता राहिली पुतण्याची सायकल. पुण्याला नोकरीला जाताना त्याने ती आमच्या जिन्याखाली लावून ठेवली होती. ‘काका, वापरा की,’ म्हणाला होता, म्हणून परवानगीचाही प्रश्न नव्हता.

बेळगावातल्या वडगावहून अनगोळमार्गे, रेल्वेचं चौथं गेट ओलांडून उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत गाठायची, एवढाच रस्ता. सावकाश गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत होतो. या वयात दम लागेल, गुडघे धरतील, अशी भीती शेजारच्यांनी भरपूर घातली. तसलं काही झालं नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ही सायकल रविवारी सकाळी फिरून यायला बनवलेली. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेन कव्हर नाही, स्टँड नाही, दिवा नाही, घंटीसुद्धा नाही. दुकानदार याला स्पोर्टी म्हणतात. आमच्या वडगावात सुताची गाठोडी आणि साड्यांचे गठ्ठे ज्या काळ्या सायकलवरून फिरायचे, तिला मडगार्ड, चेन कव्हर आणि स्टँड मुळातच असायचे. आता ते सगळं काढून घेऊन सायकल विकतात आणि आपण एकेक वस्तू वेगळे पैसे देऊन परत बसवतो.

आधी सगळ्या गाडीचं ओव्हरऑईल करून घेतलं. हबमधले छर्रे काढून धुऊन नवं ग्रीस, ब्रेकच्या वायरी नव्या, मागच्या चाकाचं आऊट, म्हणजे डगमगणं, काढलं. शहापुरातले मिस्त्रीमामा घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि बिघडलेल्या फ्रीव्हीलशी दोन्ही. मडगार्ड मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं.

‘कशाला लावायलाय मडगार्ड? शो जातोय की गाडीचा.’

‘मामा, जुलैत मी शो घालून जाऊ काय कामाला?’

‘बसवतो खरं, खडखडलं तर मला बोलायचं नाही.’

मडगार्डवर मी जरा जास्तच वेळ घालवला आणि अजूनही सांगेन, पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर यावर घाला. बेळगाव घाटमाथ्याच्या पूर्वेला चिकटून, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. जून ते सप्टेंबर पाऊस मुक्काम करतो. वरून पडणारं पाणी रेनकोट अडवतो, पण खालून उडणारं तांबडं पाणी पाठीवर सरळ रेघ मारतं आणि ती रेघ धुऊन जात नाही, हे घरच्या बाईला विचारा. सीटखाली अडकवायचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मिळतो, तो फक्त सीट वाचवतो. पूर्ण लांबीचं मडगार्ड हवं आणि ते टायरपेक्षा सेंटिमीटरभर तरी रुंद हवं. माझं टायर ३५ मिलिमीटरचं, त्यावर ४५ चं मडगार्ड घेतलं. पुढच्या मडगार्डचं शेवटचं टोक महत्त्वाचं. ते वर संपलं की पुढच्या चाकाचं सगळं पाणी बुटांवर आणि चेनवर येतं. म्हणून जुन्या ट्रकच्या ट्यूबचा पंजाएवढा तुकडा कापून खाली लोंबता लावला. रस्त्यापासून चार बोटं वर. हा फुकटचा तुकडा नसता तर बाकीचं मडगार्ड अर्धंच कामाचं झालं असतं.

खडखडीचं म्हणाल तर ती बोल्ट सैल होण्याची असते. फ्रेमला मडगार्ड-कॅरिअरसाठी जी भोकं असतात ती बहुतेक एम-५ आट्याची, म्हणजे पाच मिलिमीटरच्या बोल्टची. मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर. एम-५ चे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे, आमच्याकडे पडलेले असतात, सुपरवायझरला विचारून चार घेतले. मामांचं भाकीत त्यामुळे खोटं ठरलं आणि त्यांना ते फारसं आवडलं नाही.

एक गोष्ट मात्र फक्त आमच्यासारख्यांना त्रास देते. सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असल्याने बूट लांब, आणि हँडल पुरतं वळवलं की बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला घासतं. वेगात काही होत नाही, तिथे हँडल तेवढं वळतच नाही. पण गल्लीच्या तोंडाला रेंगाळत वळताना पाय अडकतो. अशा वळणावर पेडल मारायचं नाही, वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवायचा. सीटची उंचीही याच बुटांवर ठरवली, कारण त्यांचा तळ जाड. पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, आणि पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघा जेवढा वाकायचा तेवढाच वाकतो. गुडघेदुखीच्या गोष्टी सांगणाऱ्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची सीट चार बोटं खाली असते. रस्त्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत ना!

कॅरिअरने परीक्षा घेतली. मागच्या एक्सलजवळ भोकं होती, वर सीटच्या बाजूला नव्हती. दुकानातली क्लॅम्प पट्टी पत्र्याची, डबा ठेवून हलवली तर वाकते. म्हणून वीस बाय तीन मिलिमीटरची पट्टी घेतली, फ्रेमच्या नळीभोवती वाकवली, आतून रबर दिलं आणि बोल्ट मारला. फ्रेमला वेल्डिंग करू नका, असं आमच्याच वेल्डरने बजावलं होतं. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, उष्णतेने जोडाजवळचा भाग मऊ पडतो. कॅरिअरवर २५ किलो असं कोरलेलं असतं. माझा डबा, पाण्याची बाटली, कपडे आणि कधी परत येताना भाजी, यात त्याच्या जवळपासही जात नाही.

आधी पाठीवर सॅक घेऊन गेलो, ती पाठ भिजवते, पाऊस नसला तरी. म्हणून कॅरिअरच्या बाजूला लटकणारी पिशवी घेतली. ती पुढे सरकवून लावली तर प्रत्येक फेऱ्याला टाच लागते. मागे सरकवून लावली की प्रश्न मिटला. डबा मात्र पिशवीत आडवा होतो आणि आमटी वाट शोधते. शेवटी पिशवीच्या तळाला पुठ्ठ्याच्या जागी प्लायवूडचा तुकडा आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या टॉवेलची गुंडाळी. आमटी आता घट्ट देतात हेही खरं.

स्टँडबद्दल एकच सांगतो. एका पायाचा स्टँड डब्याच्या वजनाने गाडी आडवी करतो. दोन पायांचा घ्या.

दिव्यांचं गणित आपल्याकडे सूर्यावर अवलंबून. मेअखेर सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा दिव्याची आठवणही होत नाही. जानेवारीत सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर, म्हणजे शिफ्टचा भोंगा झाल्यावर. सगळा रस्ता अंधारात किंवा झुंजूमुंजूत, वर धुकं. माळ्यावर वडिलांचा डायनामो होता, टायरला टेकून फिरणारा, सहा व्होल्ट तीन वॉटचा, बाटलीच्या आकाराचा. हौसेने लावून पाहिला. कोरड्यात झकास चालतो, थोडं जड जातं एवढंच. पण टायर ओलं झालं की त्याचं चाक घसरतं आणि दिवा मिचमिचायला लागतो, म्हणजे नेमका गरजेला. तो परत माळ्यावर गेला आणि चार्जिंगचे दिवे आले. पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत न मारता रस्त्यावर पडेल इतका खाली वाकवलाय, त्यात खड्डाही दिसतो. मागचा तांबडा दिवा लोक सीटच्या दांड्याला लावतात. पावसात रेनकोटचा घोळ त्यावरच येऊन बसतो. मी तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावला, शिवाय मागच्या मडगार्डवर चमकणारी पट्टी. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत येतात आणि त्यांच्या मागे कित्येकदा दिवाच नसतो. त्यांनी मला बघावं एवढंच माझ्या हातात, त्यांना बघायचं काम पुढच्या दिव्याचं.

रेनकोटांची भानगड अजून पूर्ण सुटलेली नाही. पँट-जॅकेट घातलं की आत घामाने भिजायचं, बाहेरून पावसाने भिजण्याऐवजी. अंगावर टाकायच्या घोळदार रेनकोटात वारा खेळतो, पण पावसाळी वारा पश्चिमेकडून, उद्यमबाग शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे जाताना तो तोंडावरच. घोळ असा फुगतो की पेडल मारून माणूस जागच्या जागी. सध्या वर जॅकेट, खाली अर्धी पँट, पायात सँडल, आणि बूट-युनिफॉर्म कंपनीच्या लॉकरमध्ये. चष्मेवाल्यांनी टोपीची झापड रेनकोटच्या टोपीखाली ठेवावी, काचा बऱ्याच वाचतात.

पावसात ब्रेक उशिरा लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, कारण थोड्यांना. रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग पकडतं. म्हणून उताराला लागण्याआधीच हलकेच दाबून ठेवायचे. आपल्याकडच्या तांबड्या मातीतली बारीक खर त्या रबरात रुतते आणि ॲल्युमिनियमची रिम कुरतडते. ब्रेक लावल्यावर खरखर ऐकू आली की रबर काढून टाचणीने खडे उचकटायचे. चौथ्या गेटवर रुळ ओलांडताना चाक काटकोनात घ्यायचं, तेवढ्यापुरते ब्रेक आणि वळण दोन्ही बंद. ओला रुळ आणि तिरकं चाक यांचं जमत नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू दे.

हवा पेट्रोल पंपावर भरता येते, कारण वॉल्व्ह मोटरसायकलसारखा आहे. टायरच्या कडेला ५० ते ७५ पीएसआय लिहिलंय. पंपावरचा पोरगा मोटरसायकलच्या सवयीने तिशीत थांबवतो, त्याला आकडा सांगावा लागतो. मी साठ ठेवतो, पावसाळ्यात पन्नास.

चेनचं मला कामामुळे सोपं जातं. नवीन चेनचे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे चोवीस दुवे, पिन ते पिन, ३०४.८ मिलिमीटर भरतात, म्हणजे बरोबर एक फूट. चेन झिजते म्हणजे पिना झिजून ती लांब होते. स्टीलची पट्टी लावायची, ३०६.५ च्या पुढे गेली की बदलायची. थांबलात तर मागच्या फ्रीव्हीलचे दातही तिच्यासारखेच झिजतात आणि दोन्हींचे पैसे जातात. पावसाळ्यात दर रविवारी फडक्याने पुसून प्रत्येक दुव्यावर तेलाचा एकेक थेंब, वरचं परत पुसून टाकायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर माती धरतं.

कंपनीत जागेचा प्रश्न होता. शेडमध्ये सगळ्या मोटरसायकली, कुणीतरी आपली गाडी माझ्या चाकावर टेकवायचा. वॉचमनमामांनी जनरेटरच्या खोलीमागची भिंत दाखवली. तिथे आता आमच्या फौंड्रीतल्या एकाची काळी सायकलही उभी असते. येळ्ळूरच्या बाजूने येतो तो. त्याला चढ जड जायचा, म्हणून १८ दात्यांच्या फ्रीव्हीलऐवजी २२ चा बसवून घेतला. पुढे ४४ दाते, म्हणजे आधी पेडलच्या एका फेऱ्यात गाडी साडेपाच मीटरच्या आसपास जायची, आता साडेचार. वेग गेला, दम राहिला. दांड्यांच्या ब्रेकचं मात्र काही करता आलं नाही. स्टीलची रिम पावसात रबराला दादच देत नाही. त्याला सांगितलंय, पाऊस असला की रेल्वे गेट दिसल्याबरोबर उतर आणि चालत ये.