सॅम्पल नंबर शून्य

माझ्या एमव्हीएससीच्या, म्हणजे पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधासाठी काढलेलं पहिलं रक्त म्हशीचं नव्हतं, माझं होतं. माझ्या गाईड मॅडमनी नळीवर मार्करनं ‘०’ लिहिलं आणि विचारलं, “इंटर्नशिपमध्ये व्यायलेल्या म्हशींच्या अडकलेल्या किती वारी काढल्यास?”

“मोजल्या नाहीत.”

“हातमोजे घालून?”

मी गप्प. सातारा जिल्ह्यात असताना खांद्यापर्यंतचे हातमोजे संपले की आम्ही साबण लावून तसाच हात घालायचो. शेतकरी दारात उभा असतो, म्हैस कण्हत असते, अशा वेळी कोण थांबतं?

“मग तबेल्यात पाय ठेवायच्या आधी तू आत्ता कशी आहेस ते कळू दे,” मॅडम म्हणाल्या. “उद्या काही निघालं तर ते आरेच्या तबेल्यातलं की साताऱ्यातलं, हे सांगणार कोण?”

ब्रुसेलोसिस ओळखायची रोझ बंगाल चाचणी तशी साधी. काचेच्या पट्टीवर एक थेंब सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर सुटणारं पाणी, शेजारी एक थेंब गुलाबी अँटिजेन, म्हणजे रंगवलेले मेलेले जंतू, काडीनं कालवायचं आणि पट्टी चार मिनिटं हलकेच डोलवायची. मिश्रण तुपासारखं रवाळ झालं तर पॉझिटिव्ह. माझं शेवटपर्यंत एकसारखं गुलाबी राहिलं. उरलेलं सीरम उणे वीस अंशांवर गेलं आणि मी आरेत.

विषय होता ब्रुसेलोसिस, आमच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात. म्हैस गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते. पुढच्या खेपेला ती नीट वितेही, पण जंतू दुधातून आणि वारीतून बाहेर पडत राहतो. माणसाला तो कच्च्या दुधातून लागतो, नाहीतर वार आणि मेलेलं रेडकू उघड्या हातानं उचलताना. ताप येतो-जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरते. डेव्हिड ब्रूसनं १८८७ साली माल्टा बेटावर, तापानं मेलेल्या सैनिकाच्या पाणथरीत हा जंतू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लीस झमितनं १९०५ मध्ये दाखवलं. मधली अठरा वर्षं सैनिक ते दूध पीतच होते.

आमच्या आजोबांना धारोष्ण दुधाचा भारी अभिमान. तालमीत असताना कासेखाली तांब्या धरून प्यायचो, म्हणायचे. फोनवर त्यांना विषय सांगितला तर म्हणाले, “आम्हाला काय झालं?” मी वाद घातला नाही. त्यांची कंबर तरुणपणापासून दुखते, पण त्याचं कारण हेच, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

मुंबईतली आरेची वसाहत १९४९ची. शहरातले तबेले बाहेर हलवायचे म्हणून वसवलेली, आणि मग शहरच तिच्याभोवती येऊन बसलं. इथला धंदा असा, की ताजी व्यालेली म्हैस हरयाणातून, गुजरातेतून आणायची, आटेपर्यंत दूध काढायचं, आटली की बाहेर पाठवायची किंवा विकायची. एकाच गोठ्यात कुठकुठल्या गावच्या म्हशी शेजारीशेजारी उभ्या असतात. आजार पसरायला याहून बरी सोय नाही.

पहिल्या दिवशी बावीस नळ्या भरल्या आणि बावीसच्या बावीस वाया घालवल्या. दोष सर्वस्वी माझा. रक्त साकळायच्या आधीच नळ्या बर्फाच्या पिशव्यांना चिकटवून डब्यात कोंबल्या. वर गोरेगाव स्टेशनपर्यंत रिक्षाचे खड्डे आणि स्लो लोकलच्या दारातले धक्के. परळला कॉलेजात डबा उघडला तर सीरम पिवळसर असायचं ते, रक्तपेशी फुटून, कोकमाच्या सरबतासारखं लाल. त्यानंतर नियम केला. युनिटमध्येच सावलीत नळ्या तिरक्या ठेवून तासभर थांबायचं, साकळू द्यायचं, आणि मगच निघायचं. तो तासभर चाचांच्या खाटेवर बसून चहा पिण्यात जायचा. पुढे जे काही जमलं ते त्या चहांमुळे.

चाचा म्हणजे जौनपूरकडचे, तबेल्यात तीसेक वर्षं काढलेले. म्हैस अडली की शेठ डॉक्टरच्या आधी त्यांना हाक मारायचा. शेठची अडचण वेगळी होती. प्रत्येक म्हशीच्या कानात पिवळा बारा अंकी बिल्ला असतो, आणि मी तो नंबर वहीत उतरवू नये, एवढंच त्याचं म्हणणं. पॉझिटिव्ह म्हशीचा भाव पडतो. मला सुरुवातीला राग आला. मग विचार केला, की लस आहे ती चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. मोठ्या दुभत्या म्हशीला द्यायला माझ्याकडे काय होतं? वेगळी बांधा, वार पुरा, एवढा सल्ला. नंबरांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरायचं ठरलं आणि कोणता क्रमांक कोणत्या म्हशीचा ही यादी मॅडमच्या कपाटात गेली.

म्हशींचं काम चार महिन्यांत उरकलं. तबेल्यात राबणाऱ्या माणसांचंही रक्त तपासायचं होतं, ते सुरू व्हायलाच सात महिने लागले.

प्राण्यांच्या रक्तासाठीची परवानगी लवकर मिळाली होती. माणसाच्या रक्ताला माणसांच्या दवाखान्याची नैतिकता समिती लागते. परळमध्ये दर वळणावर रुग्णालय आहे. आमच्या गेटपासून ज्यांच्याकडे गेले ते चालत दहा मिनिटांवर, नाव सांगत नाही. पहिल्या बैठकीत विषय पुढे ढकलला. दुसऱ्या वेळी फाइलच सापडली नाही. तिसऱ्या वेळी एका सदस्यानं विचारलं, “तुम्ही पशुवैद्यक. माणसाच्या शिरेत सुई कोण घालणार?” मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण पुढच्या प्रश्नाचं नव्हतं: “आणि जो पॉझिटिव्ह निघेल त्याचं पुढे काय?”

माझ्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, त्याचं पुढे काहीच नव्हतं. टक्केवारी होती, तक्ता होता.

त्या दिवशी वैतागून परतताना वाटेत हाफकिन संस्था लागली. ती ज्याच्या नावाची, त्या हाफकिननं जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. आजच्या समितीनं त्यालाही नवीन फॉर्म भरून आणायला सांगितलं असतं, या विचारानं जरा बरं वाटलं. प्रश्न मात्र बरोबर होता, हे घरी जाऊन कळलं.

उत्तर शोधायला मेडिसिनच्या एका डॉक्टरांना गाठलं. ते सहसंशोधक झाले आणि पहिल्याच भेटीत मला गप्प केलं. पुस्तकातलं औषध मी पाठ करून गेले होते, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे. ते म्हणाले, “रिफाम्पिसिन टीबीचं औषध आहे. मुंबईत रात्री घाम आणि ताप असलेल्या माणसाला टीबी नाही याची खात्री केल्याशिवाय ते द्यायचं नाही. लपलेला टीबी असला तर औषधाला दाद न देणारा होऊन बसेल.” म्हणून फॉर्ममध्ये छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी आली, आणि खर्च कोणी करायचा यावर आणखी एक महिना.

शेवटी एका रविवारी रक्त काढणाऱ्या सिस्टरना घेऊन तबेल्यात गेलो. संमतीपत्र हिंदीत होतं, तेही सरकारी हिंदीत. वाचून दाखवल्यावर चाचा म्हणाले, “बिटिया, बीमार भैंस है, तो खून हमारा काहे?” मी बाही वर करून सुईची जागा दाखवली आणि सांगितलं, सगळ्यात आधी माझं घेतलंय. हसले. अंगठा उठवला, साक्षीदारानं सही केली. त्यांच्या मागे बाकीचे रांगेत आले.

किती टक्के निघाले ते प्रबंधात आहे, इथे देत नाही. तो आकडा उद्या ‘मुंबईचं दूध विषारी’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरेल. उकळलेल्या किंवा पाश्चराइज केलेल्या दुधात हा जंतू जगत नाही. धोका त्याला, जो पहाटे तीनला कंदिलाच्या उजेडात रेडकू ओढून काढतो.

चाचांचं मिश्रण दुसऱ्याच मिनिटाला रवाळ झालं. एलायझा या रक्ताच्या दुसऱ्या चाचणीतही तेच आलं. सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, ताप तर होळीपासून आहे. नाक्यावरच्या डॉक्टरनं आधी मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या, मग टायफॉइडच्या. टीबीच्या तपासण्या निर्मळ आल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते हे मी सांगायला विसरले, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पहाटे फोन. चौथ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. मी आणि त्यांच्या मुलानं दोन दिवस मागे लागून त्या परत सुरू करवल्या.

व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सांख्यिकीवर पिळलं, तबेल्यावर एकही प्रश्न नाही.

त्यानंतर एकदा आरेत गेले तर चाचा कामावर नव्हते. शेठ म्हणाला, “आधी निगेटिव्ह रिपोर्ट आणू दे.” आता याला काय समजावणार? आजार बरा झाला तरी रक्तातल्या खुणा कित्येक महिने राहतात, चाचणी पॉझिटिव्हच येणार. शिवाय हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, आणि म्हशीनं त्यांना दिला होता, त्यांनी म्हशीला नाही. मी पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या, उपचार पूर्ण झाले, कामास हरकत नाही, आणि खाली शिक्का.

आठवड्यानं तबेल्यात गेले तेव्हा चाचा खाटेवर होते, शेजारी चहाची किटली. कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला होता आणि सुतळीनं खांबाला टांगला होता. हातमोज्यांचं विचारलं तर म्हणाले, घालतो, पण उजव्या हातातच. डाव्यातही घातला तर रेडकाचा पाय नीट लागत नाही.